अर्धीताईचा पूर्ण पगार

धुलाईखान्यात तिला सगळ्या अर्धीताई म्हणायच्या. तिला ते लागत असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण हाक मारली की ती निमूट ओ द्यायची. नाव पडलं होतं तिच्या अर्ध्या दिवसामुळे. बाकीच्या बायका सकाळी यायच्या त्या संध्याकाळपर्यंत राबायच्या, जादा काम निघालं तर त्यावर तुटून पडायच्या. आणि ही बाई दुपारची घंटा झाली की हातातली चादर घडी घालून ठेवायची, हात पुसायची आणि चालू लागायची. मुकादमाने कितीदा विचारलं, पूर्ण दिवस ये, घडीच्या टेबलावर मुख्य करतो, पगार वाढवतो. ती म्हणायची, "नको, मला झेपत नाही." हे सांगताना तिच्या दोन्ही हातांत ओल्या चादरींचा असा गठ्ठा असायचा की मुकादमाला तो जमिनीवरून हलवता आला नसता.

काम तळघरातल्या लांबलचक खोलीत चालायचं. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरभरून यायच्या. मधोमध वाफेवर तापलेला मोठा रोलर. दोघी इकडून ओलसर चादर ताणून आत सोडायच्या, दोघी पलीकडून कोरडी, कडकडीत गरम चादर झेलायच्या, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालायच्या. अर्धीताई झेलणाऱ्यांतली. बोटांची टोकं भाजून भाजून इतकी निबर झाली होती की घरी गरम पातेलं ती फडक्याशिवाय उतरवायची.

तिच्याबद्दल तर्क भरपूर होते. नवरा मागे पैसा ठेवून गेला असेल. लहानपणापासून लाडावलेली असेल. जुळ्यांची आई म्हणायची, "काहींचं नशीबच बसून खायचं असतं." यात दुष्टावा नव्हता, बायका दमलेल्या होत्या, आणि दमलेल्या माणसाला दुसऱ्याचा आराम फार लांबून दिसतो. अर्धीताई कोणाला ताकास तूर लागू देत नसे.

खरी गोष्ट अशी होती की ती मोजून मापून गरीब राहत होती.

घरात दोघी. ती आणि तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, जिला ती लग्नापासून वन्सं म्हणत आली होती. लग्न झालं तेव्हा दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं आणि आताही फारसं पटत होतं असं नाही. वन्संना भाजी तिखट लागायची, खिडकी उघडी लागायची, दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं ऐन चाळिशीत निकामी झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याने आपलं एक बहिणीला दिलं. रंगारी होता, हाडापेराने मजबूत. ऑपरेशननंतर चार महिन्यांत पुन्हा शिडीवर चढला. पुढे दोनेक वर्षांनी कामावरून परतताना ट्रकखाली सापडला आणि जागच्या जागी गेला. तेव्हापासून त्या घरात त्याचं म्हणावं असं जिवंत जे काही होतं, ते वन्संच्या पोटात उजव्या बाजूला होतं.

त्यावर त्या दोघी थट्टा करायच्या. ऐकणाऱ्याला भलती वाटली असती, पण ऐकणारं होतं कोण? सकाळी वन्सं म्हणायच्या, "तुझा नवरा रात्री तीनदा उठवून गेला गं." ही म्हणायची, "बरंय की. जिवंतपणी एकदा उठून पाणी भरलं असेल तर शपथ." मग वन्सं पाण्याबरोबर गोळ्या घ्यायच्या.

सगळं त्या गोळ्यांवर अडलेलं होतं. सकाळी आणि संध्याकाळी, जन्मभर. दुसऱ्याचा अवयव शरीर आपला मानत नाही, संधी मिळाली की त्याच्यावर उठतं. या गोळ्या शरीराला गप्प बसवतात. डॉक्टरांनी एवढंच निक्षून सांगितलं होतं की एक वेळही चुकवायची नाही. आणि त्यांची किंमत अशी की औषधवाल्याने पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिला वाटलं तो वर्षाचं सांगतोय.

म्हणून मदत. वन्संना कामाला असमर्थ म्हणून मासिक भत्ता होता आणि घराला औषधाचं कार्ड होतं. दोन्ही घराच्या कमाईवर अवलंबून, आणि घराची कमाई म्हणजे हिचा पगार. भत्त्याचा नियम निदान माणसाने केलेला वाटायचा: पगार वाढला की वाढलेल्यातला निम्म्याहून जास्त वाटा भत्त्यातून कापायचे, म्हणजे मरमर करून हातात थोडं तरी उरायचं. कार्डाचं तसं नव्हतं. एक रेषा होती. कमाई रेषेच्या खाली, तर सगळी औषधं आणि सगळ्या रक्ततपासण्या फुकट. रेषेच्या एक दिडकी वर, तर काही नाही. आणि एकदा बंद पडलं की सलग तीन महिने रेषेखाली राहून दाखवायचं, मग अर्ज, मग पडताळणी, मग नवं कार्ड. त्या तीन महिन्यांत आजाऱ्याने काय करायचं, हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. ज्यांनी नियम लिहिले त्यांच्या घरी बहुधा आजारही तिमाहीने येत असावेत.

अर्धा दिवस भरला की पगार रेषेच्या जेमतेम खाली बसायचा. म्हणून अर्धा दिवस.

हे धुलाईखान्यात एकदा सांगून टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण सुरुवातीच्या दिवसांत तिथे एक बाई होती, तिला भत्ता मिळतो हे बाहेर फुटलं आणि बायकांनी तिला 'सरकारची सून' म्हणून हैराण केलं. अर्धीताई नवी होती. तीही हसली होती. एकदा त्या हसण्यात सामील झाल्यावर आपलंही तेच आहे हे सांगायला जीभ उचलेना, आणि दिवस गेले तसं ते आणखीच अवघड होत गेलं.

मग वन्संना छातीत कफ होऊन ताप भरला. गोळ्यांनी शरीराची ताकद दाबलेली, साधा खोकलाही जिवावर बेतायचा. त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि अर्धीताई कामावर न जाता उशाशी बसली. थोरलीला तेवढा निरोप पाठवला: नणंद आजारी आहे, येणं जमणार नाही.

थोरली म्हणजे धुलाईखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. पोटऱ्यांच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, आवाज रोलरच्या वर चढणारा. तिच्या राज्यात एक रीत होती, तिला बिल्ला सांभाळणं म्हणायच्या. दाराशी दोन फळ्या होत्या. आलं की आपला पितळी बिल्ला डावीकडून उजवीकडे टांगायचा, जाताना परत डावीकडे. हजेरीचा कारकून काचेआडून बिल्ले बघून तास चढवायचा; माणसांकडे तो मान वर करून बघत नसे. कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी मयत झाली, की बाकीच्या आपली पाळी संपवून स्वतःचा बिल्ला काढायच्या, तिचा टांगायच्या आणि तिच्या नावाने आणखी काही तास राबायच्या. आजारपणात पगार बुडू नये एवढाच हेतू. कंपनीच्या नियमात ही सरळ फसवणूक होती. वरच्या मजल्यावरच्या दोघींना त्यापायी एका दिवसात घरी बसवलं होतं. मुकादम कानावर हात ठेवून होता, कारण चादरी वेळेवर निघत होत्या.

अर्धीताईला ही रीत माहीत होती. दुसऱ्यांचे बिल्ले तिने कधी सांभाळले नव्हते, अर्ध्या दिवसात ते बसतच नव्हतं. त्यामुळे आपला कोणी सांभाळेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

वन्सं सावरल्या, घरी आल्या, आणि ती कामावर परतली, तेव्हा चौघी तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या. थोरली, जुळ्यांची आई, लांबडी, आणि जेमतेम तीन महिन्यांपूर्वी लागलेली नवी पोरगी. जेवणाच्या सुट्टीत थोरलीने तिला शेजारी ओढून बसवलं.

"पगार बघितलास का?"

"नाही अजून."

"बघ मग. आम्ही म्हटलं, आयुष्यात एकदा तरी आमच्या अर्धीचा पूर्ण पगार होऊ दे. पहाटे कोणी, संध्याकाळी कोणी, असे पूर्ण दिवसाचे तास भरलेत तुझ्या बिल्ल्यावर, रोज. वर जादा तास निराळे. या नवीने तर रविवारीपण भरलेत."

"घरी आजारी माणूस," लांबडी म्हणाली. "पैसा लागतोच की गं. तू तोंडाने मागणार थोडीच."

चौघी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. स्वतःची पाळी संपवून, पाय सुजेपर्यंत या बायका तिच्यासाठी उभ्या राहिल्या होत्या, ज्यांच्यासाठी ती कधी एक तास थांबली नव्हती. तिने थोरलीचा हात धरला आणि म्हणाली, "कसे उपकार फेडू तुमचे." तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं आहे असंच सगळ्यांना वाटलं.

आठवड्याने औषधवाल्याने कार्ड यंत्रावर टेकवलं, पुसलं, पुन्हा टेकवलं.

"ताई, बंद दाखवतंय."

"नीट बघा ना."

"नीटच बघतोय. उत्पन्न जास्त, असं येतंय. रोखीने देऊ का?"

पूर्ण पगारात त्या महिन्याच्या गोळ्या आल्या, आणि पूर्ण पगार संपला. भत्त्यालाही कात्री लागली होती. मायेने भरलेले ते सगळे तास एका कागदी पिशवीत मावले आणि ती पिशवी घेऊन ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती मदत कार्यालयात गेली. खिडकीवर एक चष्मेवाला होता, वयाने तिच्याएवढाच, सर्दीने बेजार. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. वाईट असता तर पुढचं सोपं गेलं असतं. त्याने पडद्यावर बोट फिरवलं.

"कंपनीकडून तास आलेत. एवढे तास कधी केले नव्हते तुम्ही."

"मी कामावर नव्हतेच हो त्या दिवसांत. नणंद दवाखान्यात होती, मी तिथेच होते." बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

त्याने चष्मा काढला. "मग हे तास तुमचे नाहीत?"

ती खिडकीच्या कडेवर ठेवलेली पिशवी उचलू लागली.

"हे बघा," तो आवाज खाली आणून म्हणाला, "तसं असेल तर सोपं आहे. तास माझे नाहीत, अमक्या अमक्यांनी माझ्या नावावर केले, असं लिहून द्या. दवाखान्याचा कागद जोडा. मी आत्ता कार्ड चालू करतो. कंपनीला कळवावं लागेल, ते पुढचं ते बघतील. नाही लिहिलंत तर तीन महिने. माझ्या हातात दुसरं काही नाही."

"उद्या येते," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने वन्संना सगळं सांगितलं. भाजी चिरत होती. चिरतच सांगितलं, म्हणजे वर बघावं लागणार नाही. तिला वाटलं होतं वन्सं म्हणतील, बायकांच्या पोटावर पाय देऊन मला नको ते कार्ड. माणसं असं म्हणतात, निदान गोष्टींत तरी. वन्सं म्हणाल्या, "लिहून दे."

"चौघींची नोकरी जाईल, वन्सं. थोरलीचा नवरा अंथरुणावर आहे. तिला या वयात कोण ठेवणार?"

"कळतंय मला. मी काही दगड नाही. पण मला जगायचंय गं. तुला काय वाटलं, मला कंटाळा आलाय? लिहून दे."

वन्संचं काय चुकलं? काही नाही. जगायचंय असं स्पष्ट म्हणायला धाडस लागतं. अर्धीताईला त्यांचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

सकाळी कार्यालयाच्या आधी ती धुलाईखान्यात गेली. थोरली बाकावर बसून पोटरीला पट्टी गुंडाळत होती. नवी पोरगी शेजारी डुलकी काढत होती, तोंड उघडं टाकून. अर्धीताईने दोघींकडे पाहिलं आणि तिथेच तिचं ठरलं. ती मुकादमाकडे गेली आणि म्हणाली, आजपासून पूर्ण दिवस द्या, आणि जादा काम असेल तर तेही.

कार्यालयाच्या खिडकीवर ती दुपारच्या सुट्टीत पळत जाऊन आली. चष्मेवाल्याला म्हणाली, "तास माझेच होते. काल गोंधळले मी." त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

आणि घरी येऊन वन्संना म्हणाली, "दिलं लिहून. पडताळणी होईल, मग चालू होईल कार्ड. तोवर मी जास्त काम करते."

खोटं ती एकदाच ठरवून बोलली. पुढे ते रोज बोलावं लागलं. वन्सं विचारायच्या, "आलं का गं कार्ड?" ही म्हणायची, "येईल आता." तिचा हिशेब साधा होता. अर्धा दिवस करून तीन महिने रेषेखाली राहायचं, तर त्या तीन महिन्यांच्या गोळ्या आणायच्या कशातून? पूर्ण दिवस आणि वर जादा तास केले तर गोळ्या येत होत्या, पण कमाई रेषेच्या वर जात होती आणि कार्ड आणखी लांब पळत होतं. एकदा रेषेच्या वर चढलं की खाली उतरायला वाटच नव्हती. तिने राबायचं ठरवलं. पहाटेची पाळी, दिवसाची पाळी, संध्याकाळचा जादा. धुलाईखान्यात आनंदीआनंद. "चटक लागली बाईला पूर्ण पगाराची," जुळ्यांची आई म्हणायची, आणि डब्यातलं निम्मं तिच्या डब्यात सारायची. अर्धीताईच्या तोंडाची कातडी हाडाला चिकटली. रक्ततपासण्या लांबणीवर पडल्या, पण गोळ्या एकदाही चुकल्या नाहीत. आठवड्याच्या आठवड्याला ती पाकीट आणून वन्संच्या हातात द्यायची, आणि त्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता.

वन्संच्या पायांवर सूज आली ती उन्हाळा संपताना. मग तोंडावर. लघवी कमी झाली. डॉक्टरांनी रक्त काढलं, आकडे बघितले आणि दोघींना समोर बसवलं.

"गोळ्या वेळेवर घेताय ना?"

"एकही चुकली नाही," अर्धीताई म्हणाली. "मी स्वतः आणते."

"रक्तात औषध निम्मंच आहे."

वन्संनी खाली बघितलं. मग पिशवीत हात घालून त्यांनी बिस्किटांचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, नीट रबराने बांधलेल्या.

"संध्याकाळची ठेवून देत होते," त्या म्हणाल्या. "कार्ड आज येईल उद्या येईल म्हणत होती ही. तोवर चार दिवस कमी पडलं तर काय होतंय, म्हटलं. हिची हाडं दिसायला लागली होती, डॉक्टर. एखादा महिना तरी हिला जादा काम करावं लागू नये, एवढ्या साठल्या की सांगणार होते."

उपचार झाले, पण उशीर झाला होता. मूत्रपिंड गेलं. अर्धीताईला वाटलं होतं की नवऱ्याचं जे व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं. आता कळलं की नाही, ते आत्ता झालं, आणि या खेपेला तिच्या हाताने झालं. ती दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली, आणि लोक बाजूने चढत उतरत राहिले.

आठवड्यातून तीनदा रक्त मशीनवर धुवायचं ठरलं. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईने कागद भरून घेतले. अर्धीताईने सवयीने पगाराच्या पावत्या पुढे केल्या.

"त्या नकोत, ताई. मशीनला उत्पन्नाची अट नाही. सगळा खर्च सरकारचा, येण्याजाण्याच्या गाडीसकट. तुम्ही कितीही कमवा."

"कितीही?"

"कितीही."

गोळ्यांपेक्षा मशीनचा खर्च किती पट जास्त असेल हे तिने विचारलं नाही. पावत्या तिने परत पिशवीत ठेवल्या.

पहिल्या दिवशी ती वन्संच्या खुर्चीशेजारी बसली. नळ्यांतून रक्त जात होतं, येत होतं. वन्संचा हात थंड होता. खोलीत आणखी सहा-सात जण तसेच पडलेले, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तिने ठरवलं होतं की घरी गेल्यावर सांगायचं, पण तिला तेवढं थांबवेना.

"वन्सं, मी लिहून दिलं नव्हतं."

वन्संनी डोळे उघडले. छताकडे बघत राहिल्या.

"कार्ड येणारच नव्हतं?"

"नाही."

"थोरली आहे अजून कामावर?"

"आहे. चौघी आहेत."

वन्संनी मान हलवली. मशीनने एकदा शिट्टी वाजवली, परिचारिका येऊन काहीतरी दाबून गेली.

"तुला लिहून द्यायचं नव्हतं ना," वन्सं म्हणाल्या, "तर नसतं दिलंस. भांडले असते मी तुझ्याशी. शिव्या दिल्या असत्या. पण कार्ड येणार नाही हे माहीत असतं तर मी सगळ्या गोळ्या घेतल्या असत्या गं."

"हो," अर्धीताई म्हणाली. वन्संनी हात सोडवून घेतला नाही, आणि मशीनचं काम संपायला अजून बराच वेळ होता.